शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव: फायलीत नेमकं घालायचं काय?

ब्युरेटवाली

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. विद्यापीठाच्या शिक्षक पुरस्कारासाठी यंदा माझा प्रस्ताव पाठवायचं प्राचार्यांनी ठरवलंय. मला विचारलं नाही, स्टाफ मीटिंगमध्ये थेट जाहीरच केलं. टाळ्या वाजल्यावर नाही कसं म्हणणार?

नमुना म्हणून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांची जुनी फाईल दिली. उचलायला दोन्ही हात लागतात. आत रिफ्रेशर आणि ओरिएंटेशनची सर्टिफिकेटं, लॉकडाऊनमधल्या वेबिनारची ई-प्रमाणपत्रं (ती तर आपल्या सगळ्यांकडे पोत्यानं आहेत), पेपरातली कात्रणं, वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, शाल-श्रीफळ. शिकवण्याबद्दल शोधून शोधून एक पान सापडलं. त्यावर पाच वर्षांच्या निकालाची टक्केवारी आणि खाली शिक्का.

सर आमचे खरंच चांगले शिकवायचे. मी स्वतः त्यांच्या तासाला बसलेय. पण फाईल वाचून ते कळत नाही, आणि माझी अडचण तीच आहे. वर्गात जे घडतं ते कागदावर आणायचं कसं? कात्रणं माझ्याकडे फारशी नाहीत. संशोधन बेताचं. जे काय आहे ते प्रॅक्टिकलच्या लॅबमध्ये आहे. कुणी असा प्रस्ताव केलाय का, किंवा तपासलाय का?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

मॅडम, अभिनंदन आधीच करून ठेवतो. पण एक सांगा, स्वतःच अर्ज करायचा, स्वतःच पुरावे जोडायचे, स्वतःच ‘मी लई भारी’ म्हणून लिहायचं. ह्यो कसला पुरस्कार? स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर घेऊन जायचा प्रकार झाला की.

निवृत्त_पण_निवांत_नाही

पाचवी गल्ली, तुमचा मुद्दा जुना आहे आणि अर्धा खरा आहे. पण अर्ज न मागवता पुरस्कार दिले तर कुणाला मिळतील याचा विचार करा. जे कुलगुरूंच्या केबिनबाहेर दिसतात त्यांना. चंदगडच्या किंवा गगनबावड्याच्या कॉलेजात मान खाली घालून शिकवणारी बाई कुणाच्या नजरेला पडणार? अर्ज ही तिची एकमेव वाट आहे. मी अर्जाच्या बाजूचा आहे, अर्ज ज्या तऱ्हेनं भरले जातात त्या तऱ्हेच्या बाजूचा नाही.

ब्युरेटवाली मॅडम, अशा छाननी समित्यांवर मी बसलोय (कुठल्या, ते विचारू नका). आत काय होतं ते सांगतो. टेबलावर फायलींचा ढीग असतो, चहा येतो, आणि समितीच्या हातात एखादी दुपार असते. कुठलीही फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. आम्ही आधी परिपत्रकातले निकष समोर ठेवायचो आणि प्रत्येक निकषासाठी फायलीत काय आहे ते शोधायचो. सापडलं नाही तर शून्य. तुमच्याकडे ते नव्हतं म्हणून शून्य नाही, आम्हाला मिळालं नाही म्हणून शून्य! चांगल्या माणसांचे प्रस्ताव असे पडलेले मी पाहिलेत.

म्हणून फाईल परिपत्रकाच्या क्रमानं लावा. तुमच्या आयुष्याच्या क्रमानं नको. निकष क्रमांक एक, त्याखाली तुमचं म्हणणं अर्ध्या पानात, त्याला लागून पुरावा, पुराव्यावर पान क्रमांक. सगळ्यात वर दोन पानांचा गोषवारा, त्यात प्रत्येक दाव्यापुढे ‘पाहा पान अमुक’. हा गोषवारा सगळे सदस्य वाचतात. बाकीचं उघडून बघतील की नाही हे त्यावरच ठरतं.

कात्रणांबद्दल: सत्काराचा फोटो सत्कार झाल्याचा पुरावा असतो, शिकवल्याचा नव्हे. समितीतल्या एका मॅडम तर गुच्छ दिसला की पानच उलटायच्या.

आयक्यूएसी_पीडित

निवृत्त सरांना अनुमोदन. माझं आयुष्य नॅकचे (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेचे) अहवाल भरण्यात गेलं, त्यामुळे पुरावा म्हटलं की अंगावर काटा येतो, पण एक गोष्ट सांगते. सगळं नव्यानं गोळा करत बसू नका. आयक्यूएसीच्या (कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या) कपाटात तुमची विद्यार्थी अभिप्रायाची पत्रकं आहेत, निकाल विश्लेषण आहे, मेंटॉर-मेंटी रजिस्टर आहे, कोर्स आउटकमचे तक्ते आहेत. दरवर्षी एक्यूएआरला, म्हणजे नॅकच्या वार्षिक अहवालाला, आपण हेच जोडतो आणि नंतर कुणी ढुंकूनही बघत नाही.

आणि कृपा करून कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल उचलून तीच प्रस्ताव म्हणून देऊ नका. बढतीच्या फायलीत प्रत्येक कागद म्हणजे गुण, त्यामुळे सगळं कोंबायची सवय लागते. २०१० च्या युजीसी नियमांतल्या एपीआयनं, म्हणजे प्रत्येक कामाला गुण देण्याच्या पद्धतीनं, आपल्या सगळ्यांना मोजायला शिकवलं. मग २०१८ चे नियम आले, पण हात तोच राहिला. पुरस्काराच्या प्रस्तावात कागद वाढला की तुमचं काम दिसेनासं होतं.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

म्हणजे कमी कागद लावायला पण डोकं लागतंय. अवघड आहे.

घर्षणांक

मी फिजिक्सचा. मॅडम, तुम्ही म्हणालात की जे आहे ते लॅबमध्ये आहे. काय आहे ते आधी इथं सांगा. पुरावा कसा मांडायचा ते मग बघू. आत्ता सगळे हवेत बोलतोय.

ब्युरेटवाली

सांगते. थोडं लांबेल.

बी.एस्सी. भाग एकची मुलं बहुतेक मराठी माध्यमातनं आलेली. बरीच मुलं पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून एस.टी. पकडतात. काही जण रात्रपाळीला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असतात. टायट्रेशनचं प्रॅक्टिकल म्हणजे त्यांच्यासाठी जर्नल पुरं करण्याचा उद्योग. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल आणायचं आणि उतरवायचं. पूर्वी सगळ्यांचा सी.बी.आर. एकच यायचा. (केमिस्ट्रीबाहेरच्यांसाठी: टायट्रेशनमध्ये एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबानं सोडून किती लागलं ते मोजतात, ते मोजायची नळी म्हणजे ब्युरेट. ब्युरेटची नोंद लागोपाठ सारखी आली की ती धरायची, त्याला सी.बी.आर. म्हणतात.) सत्तर जर्नलं उघडा, सत्तरांत ९.८, ९.८, ९.८. ब्युरेट न भरता सुद्धा ९.८.

मी एवढंच केलं की प्रत्येक जोडीला वेगळी बाटली दिली. ऑक्झॅलिक ॲसिडची तीव्रता प्रत्येक बाटलीत थोडी वेगळी, बाटलीवर फक्त नंबर, आणि उत्तरांची यादी लॅब असिस्टंटच्या कपाटात. आता उतरवून उपयोग नाही. शिवाय ब्युरेट भरायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा: रीडिंग किती येईल आणि का. नंतर फरक पडला तर का पडला ते स्वतःच्या भाषेत, मराठीत चालेल. रीडिंग ‘चुकलं’ म्हणून मार्क जात नाहीत, खाडाखोड लपवली तर जातात.

दुसरं म्हणजे गुऱ्हाळाचा प्रयोग. आमच्याकडे निम्म्या मुलांच्या भावकीत कुणाचं ना कुणाचं गुऱ्हाळ. रसात चुना किती टाकायचा हे गुळव्या नजरेनं ठरवतो. मुलांना म्हटलं, रस आणा, आम्लता मोजू. ताज्या रसाचा पीएच साधारण पाच ते साडेपाच असतो. रसाच्या रंगात फिनॉल्फ्थॅलीनचा (आम्ल संपल्याची खूण देणाऱ्या द्रव्याचा) गुलाबी रंग दिसेना, मग रस पातळ करणं आलं, पीएच मीटर आला. एका गटाचा रस सकाळचा होता आणि प्रॅक्टिकल दुपारचं. अल्कली जास्त लागली. भांडण झालं, तुमचं चुकलं, आमचं बरोबर. शेवटी त्यांनीच शोधलं की रस ठेवला की आंबतो, आम्ल वाढतं. त्यातल्या एकाच्या वडलांना हे आधीपासून माहीत होतं, ते नुसते हसले.

हे सगळं बोलताना बरं वाटतं. पण लिहायला बसले की पुढचा मजकूर येतो. हसू नका:

‘मी सदैव विद्यार्थीकेंद्री, नावीन्यपूर्ण व तंत्रस्नेही अध्यापन पद्धतींचा अवलंब करीत असून विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सातत्याने प्रयत्नशील असते. प्रात्यक्षिक कार्यात विविध उपक्रमांद्वारे विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजविण्याचे कार्य केले आहे.’

तांबडा_पांढरा

मॅडम, तुमच्या वरच्या प्रतिसादात ९.८ आहे, गुळव्या आहे, भांडण आहे. खालच्या मजकुरात कोणीच नाही. तो परिच्छेद आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या, भूगोलाच्या, अगदी जिमखान्याच्या सरांना सुद्धा जसाच्या तसा चालेल. तेवढं पुरे झालं ना? काढून टाका.

तुमचंच बोलणं जरा आवरून लिहिलं तर असं होतं बघा:

‘भाग एकच्या टायट्रेशनच्या प्रात्यक्षिकात जवळपास सर्व जर्नलांमध्ये एकच रीडिंग आढळत असे. विद्यार्थी प्रयोग करत नव्हते, नोंद उतरवत होते. म्हणून प्रत्येक जोडीला वेगळ्या तीव्रतेचे द्रावण दिले आणि प्रयोगाआधी अंदाज, प्रयोगानंतर फरकाचे कारण लिहिणे आवश्यक केले. यामुळे काय बदलले, हे पुढील तीन पुराव्यांवरून दिसते (पाने ६ ते १४).’

यात एकही विशेषण नाही. अडचण, केलेली गोष्ट, पुरावा. ‘मी’ सुद्धा जवळजवळ नाही, त्यामुळे पाचवी गल्लीवाल्यांना आहेराचा त्रास होणार नाही.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

नाद खुळा. हे मला पण कळलं, आणि मी कॉमर्सचा.

घर्षणांक

आता ‘तीन पुरावे’ कुठून आणायचे ते बघू.

पहिला मॅडमच्या हातात आहेच: जर्नलं. बदलाच्या आधीच्या वर्षातली काही पानं आणि नंतरची काही पानं शेजारी शेजारी लावा. मुलांची नावं झाका. एकीकडे ९.८ची रांग, दुसरीकडे निरनिराळी रीडिंगं, खाडाखोड, मराठीत लिहिलेलं कारण. समितीत केमिस्ट्रीचा माणूस नसला तरी त्याला ते बघताच कळेल. पण पानं निवडताना फक्त हुशार मुलांची निवडू नका. यादीतला दर दहावा नंबर घेतला, असं लिहा आणि खरंच तसंच घ्या.

दुसरा, आधीची आणि नंतरची चाचणी. आमच्या विषयात याचा पाया पक्का आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र मांडले. हिशेब सोपा: मुलांना वाढायला जेवढी जागा होती त्यातली किती भरली? समजा, सुरुवातीला वर्गाची सरासरी शंभरात ४० होती आणि शेवटी ६४ झाली. वाढायला जागा ६०, वाढ २४, म्हणजे ०.४. हेक यांना नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ०.२३ मिळाली आणि जिथे मुलं स्वतः करत, बोलत होती तिथे ०.४८. ते आकडे यांत्रिकीच्या ठरावीक चाचण्यांचे आहेत, त्यामुळे केमिस्ट्रीच्या घरगुती चाचणीची त्यांच्याशी बरोबरी सांगू नका. पद्धत वापरा, तुलना नको.

प्रश्न मात्र असे हवेत की पाठ करून उत्तर येऊ नये. उदाहरणार्थ: कॉनिकल फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरनं धुतला आणि तसाच ओला वापरला तर रीडिंग बदलेल का? आणि ब्युरेट तशीच ओली वापरली तर?

ब्युरेटवाली

हा प्रश्न मी तोंडी परीक्षेला विचारतेच! फ्लास्क ओला असला तरी फरक नाही, कारण पिपेटनं मोजून टाकलेलं ॲसिड तेवढंच राहतं. ब्युरेट ओली असली तर आतलं द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. सुरुवातीला बहुतेक मुलं दोन्हीला ‘बदलेल’ म्हणतात.

पण आधीची चाचणी लेखी घेतलेली नाही. मागच्या वर्षांचं काही आता उभं करता येणार नाही.

घर्षणांक

मग उभं करू नका. या वर्षीच्या बॅचची घ्या. सहा आठवड्यांत दोन टोकं मिळाली तरी पुरे, आणि ‘फक्त एका बॅचची’ असं स्वच्छ लिहा. लहान आकडा, पण खरा. आमच्याकडे एकानं निकाल थेट १०० टक्के दाखवला होता, विषय ऐच्छिक होता आणि वर्गात मोजकी मुलं होती. समितीनं मुलांची संख्या विचारल्यावर तो तक्ता तिथंच मेला.

निवृत्त_पण_निवांत_नाही

निकालाच्या टक्केवारीबद्दल माझंही तेच मत. निकाल पेपर सेटरवर असतो, तपासणीवर असतो, त्या वर्षी पंचगंगा किती फुटांवर होती यावर सुद्धा असतो. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून किती वर गेलं आणि किती मुलांच्या वह्या-पुस्तकांचा चिखल झाला हे आपण पाहिलंय. त्या वर्षीचा निकाल खाली आला म्हणून शिक्षक वाईट ठरत नाही, आणि पुढच्या वर्षी वर गेला म्हणून थोर ठरत नाही. टक्केवारी द्यायचीच असेल तर एका ओळीत द्या.

लीड्समधली_लक्ष्मीपुरी

मूळची लक्ष्मीपुरीची, सध्या लीड्समध्ये. इथं विद्यापीठात शिक्षकांचे असे अर्ज लिहून घ्यायचं काम मी करते, म्हणून डोकावले.

इकडे नॅशनल टीचिंग फेलोशिप म्हणून पुरस्कार आहे, २००० सालापासून चालतो. संस्था आपल्याकडची जास्तीत जास्त तीन नावं पाठवू शकते. निकष तीनच: तुमचं स्वतःचं अध्यापन, इतरांच्या अध्यापनावर तुमचा झालेला परिणाम, आणि स्वतःला घडवत राहण्यासाठी तुम्ही काय करता. प्रत्येक दाव्यामागे परीक्षक तीन गोष्टी बघतात. किती जणांपर्यंत पोचलं, त्यांना त्याचं काय मोल वाटलं, आणि त्यामुळे काय बदललं.

आपले लोक पहिल्यावर थांबतात. ‘३०० विद्यार्थ्यांनी लाभ घेतला.’ लाभ घेतला म्हणजे खुर्चीवर बसले की आणखी काही झालं? ब्युरेटवाली, तुमच्याकडे तिसरं आहे, पहिलं कमी आहे. ते काही वाईट नाही. पण एक विचारते: तुमची वेगळ्या बाटल्यांची युक्ती डिपार्टमेंटमधल्या इतर कुणी उचलली का? शेजारच्या कॉलेजनं? तसं असेल तर ते अर्जात सगळ्यात वर यायला हवं. एका शिक्षकाची सवय दुसऱ्या शिक्षकाची होते तेव्हा परीक्षक सरळ होऊन बसतात.

ब्युरेटवाली

आमच्याच विभागातल्या दोघांनी उचलली. एक मॅडम शेजारच्या तालुक्यात बदलून गेल्या, त्या तिथं करतात. आणि आमचे लॅब असिस्टंट आता मला न विचारता बाटल्या तयार ठेवतात. हे पुराव्यात कसं बसवू?

लीड्समधली_लक्ष्मीपुरी

त्या मॅडमकडून एक पत्र, त्यांच्या शब्दांत, त्यांनी काय बदलून वापरलं ते सांगणारं. आणि लॅब असिस्टंटची बाटल्यांची नोंदवही असेल तर तिच्या दोन पानांची झेरॉक्स. मी परीक्षक असते तर ती वही मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त आवडली असती.

तासिका_तत्त्व

सगळं वाचतोय. मी सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकीवर, आहे, कॉलेजचं नाव सांगत नाही. आमच्या विभागात भाग एकची प्रॅक्टिकलं निम्म्याहून जास्त आम्हीच घेतो. बाटल्या भरायच्या आम्ही, जर्नलं तपासायची आम्ही, आणि मार्च संपला की आमची ऑर्डर संपते. पुरस्कारासाठी नियमित नेमणूक लागते. २०२३ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार उच्च शिक्षणातल्या शिक्षकांनाही देतात, चांगली गोष्ट आहे. पण त्याच्या अटींतही नियमित प्राध्यापक, किमान पाच वर्षं पूर्णवेळ अध्यापन आणि वय ५५ च्या आत. मला पाचाच्या दुप्पट वर्षं झालीत, पण ‘पूर्णवेळ’ एकही नाही.

मॅडमबद्दल काही राग नाही. धाग्याचा विषय निघाला म्हणून लिहिलं.

निवृत्त_पण_निवांत_नाही

यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि उगाच धीर द्यायला मी लिहीत नाही. छाननीला बसल्यावर हा प्रश्न मी काढला होता. ‘नियमात नाही’ हे वाक्य ऐकून घरी आलो.

आयक्यूएसी_पीडित

तासिका तत्त्व सर, एक व्यवहाराची गोष्ट. तुमचं काम तुमच्या नावानं कुठंतरी नोंदवलेलं असू द्या. चाचणीचे प्रश्न, मुलांची कामं, सगळ्याची एक प्रत स्वतःकडे. मुलाखतीला उभं राहाल तेव्हा अनुभवाच्या दाखल्यावर फक्त तास लिहिलेले असतात. आणि ब्युरेटवाली मॅडम, तुमच्या प्रॅक्टिकलला सीएचबीचं कोणी असेल तर प्रस्तावात त्यांचं नाव घ्या. ‘सहकार्य लाभले’ असं मोघम नको, त्यांनी काय केलं ते लिहा.

ब्युरेटवाली

आहेत. दोघी आहेत. रसाच्या प्रयोगात पीएच मीटरची कल्पना त्यांच्यातल्या एकीची. घेते नाव.

गडहिंग्लजकर

मी शिक्षक नाही, माजी विद्यार्थी या नात्यानं लिहितो. आमच्या एका सरांचा असाच प्रस्ताव होता तेव्हा मला फोन आला, ‘पत्र तयार आहे, फक्त सही करून व्हॉट्सॲपवर पाठव.’ पत्रात लिहिलेलं, ‘सरांच्या प्रेरणादायी मार्गदर्शनामुळेच मी आज या पदावर पोहोचलो.’ मी तेव्हा बेकार होतो. सही केली, सरांसाठी केली. नंतर कळलं की सगळ्यांना तेच पत्र, फक्त पद बदललेलं, माझं बदलायचं राहिलं.

सर खरंच चांगले होते हो. मला विचारलं असतं तर मी लिहिलं असतं की दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडणार होतो, घरची ऊसतोड चालू होती, तेव्हा सरांनी मला कमवा आणि शिकामध्ये ग्रंथालयात लावलं आणि संध्याकाळी थांबवून राहिलेले धडे घेतले. हे त्या पत्रात कुठंच नव्हतं.

तांबडा_पांढरा

गडहिंग्लजकर, हा प्रतिसाद प्रत्येक प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला हवा.

मॅडम, माजी विद्यार्थ्यांना ‘पत्र द्या’ म्हणू नका. दोनच प्रश्न पाठवा. माझ्या प्रॅक्टिकलमधली कुठली गोष्ट आठवते? पुढं कामात किंवा शिक्षणात तिचा कुठं उपयोग झाला, झाला नसेल तर तसंही सांगा. जे येईल ते तसंच जोडा, शुद्धलेखन सुद्धा सुधारू नका. चार पुरे.

ब्युरेटवाली

विद्यार्थी अभिप्रायाच्या पत्रकांचं काय करू? माझे गुण चांगले आहेत, सर्वोत्तम नाहीत. एका वर्षी ‘मॅडम कडक आहेत’ असं बऱ्याच जणांनी लिहिलंय.

आयक्यूएसी_पीडित

जोडा, सगळ्या वर्षांची. निवडून जोडली की तपासणाऱ्याला वास येतो. आणि ‘कडक’ची खंत करू नका. अभिप्रायातले आकडे बाईला आणि बाप्याला सारखे पडतात असं नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑनलाइन वर्गात एक शिक्षक, एक शिक्षिका, आणि दोघांनीही काही गटांना आपलं नाव बदलून शिकवलं. ज्याचं नाव पुरुषाचं, त्याला जास्त गुण. पेपर वेळेत तपासून दिल्याबद्दल सुद्धा, आणि दोघांनीही ते एकाच वेळी परत केले होते! मोजकी मुलं होती, म्हणून फार ताणू नये, पण ओळखीचं वाटलं की नाही?

आकड्यांपेक्षा महत्त्वाचं हे की अभिप्राय वाचून तुम्ही काय बदललं. दोन ओळी लिहा.

ब्युरेटवाली

बदललं ना. खाडाखोडीला मार्क जाणार नाहीत हा नियम त्या ‘कडक’च्या वर्षानंतरच आला. मुलं घाबरून रीडिंग लपवत होती.

घर्षणांक

मॅडम!!! हे इतका वेळ का सांगितलं नाही? तो अभिप्राय, तो नियम आणि नंतरची जर्नलं, ही एकाच धाग्यात येतात. तुमचा प्रस्ताव हाच. गुऱ्हाळ दुसऱ्या क्रमांकावर.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

गुऱ्हाळ दुसरं? कोल्हापुरात राहून? निषेध.

लीड्समधली_लक्ष्मीपुरी

यावेळी पाचवी गल्लीच्या बाजूनं. गुऱ्हाळ खाली ढकलू नका, पण त्याला ‘स्थानिक उपक्रम’ असलं लेबल लावू नका. मुलांनी घरचं ज्ञान लॅबमध्ये आणून तपासलं आणि घरी परत नेलं, एवढं लिहा. वडील हसले हे सुद्धा लिहा.

इतिहासाचं_ओझं

मध्येच घुसतो. तुम्हा सायन्सवाल्यांना आधी-नंतर मोजता येतं. मी इतिहास शिकवतो. आमच्याकडे ना ब्युरेट, ना रीडिंग. आमच्यासारख्यांनी काय दाखवायचं? मुलं पुराभिलेखागारात नेतो, मोडीची कागदपत्रं दाखवतो, शाहू महाराजांच्या काळातले हुकूम वाचून घेतो. फोटो सोडून काही उरत नाही.

तांबडा_पांढरा

उरतं की. जूनमध्ये मुलांना एक प्रश्न द्या: शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, का? एक पान लिहून घ्या आणि कुलूप लावून ठेवा. बहुतेक पानांवर ‘ते थोर समाजसुधारक होते म्हणून’ असंच येईल. मार्चमध्ये, कागदपत्रं पाहून झाल्यावर, तोच प्रश्न पुन्हा. आता किती मुलं मूळ कागदाचा दाखला देतात? किती जण ‘हे कागदात नाही, हा माझा तर्क’ असं वेगळं करून लिहितात? मोजा. त्याच मुलाची दोन पानं शेजारी ठेवा. तेच तुमचं रीडिंग.

इतिहासाचं_ओझं

हे मला जमेल. आणि प्रस्ताव नाही केला तरी करून बघण्यासारखं आहे.

ब्युरेटवाली

मंडळी, गोषवारा लिहून झाला. दोन पानं. पहिल्या परिच्छेदात ९.८, दुसऱ्यात ‘कडक मॅडम’ आणि नियम, मग जर्नलं, मग या वर्षीची चाचणी (पहिलं टोक काल घेतलं, अंदाजाप्रमाणे बहुतेकांनी दोन्हीला ‘बदलेल’ लिहिलंय), मग गुऱ्हाळ, शेवटी बदलून गेलेल्या मॅडमचं पत्र आणि नोंदवही. वेबिनारची सगळी प्रमाणपत्रं काढली. प्राचार्यांनी फाईल हातात घेतली आणि विचारलं, ‘एवढीच?’ मी म्हटलं, वाचून बघा. त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाले, ‘ते वृक्षारोपणाचे फोटो तरी घाला.’

घालू का?

निवृत्त_पण_निवांत_नाही

एक घाला. शेवटच्या पानावर. प्राचार्यांची शिफारस लागते, ते खूश राहू देत. आणि फाईल देताना कॉलेजचा जावक क्रमांक, प्रत्येक पानावर स्वयंसाक्षांकन आणि विद्यापीठात आवक विभागाची पोच, शिक्क्यासकट. शेवटच्या दिवशी दुपारी जाऊ नका, तिथं त्या दिवशी तीन जिल्ह्यांतली कॉलेजं उभी असतात.

ब्युरेटवाली

मंगळवारी जाते. स्पायरल बाइंडिंग करू की साधी फाईल?

आयक्यूएसी_पीडित

साधी. स्पायरलमधनं पान काढून झेरॉक्स करता येत नाही, आणि समितीला नेमकं एकच पान हवं असतं.